बाकी गाडी चांगली हाय

नाय, बसा तुम्ही, ती खुर्ची मोडकी नाय, नुसती डुलते. माझ्या पाठीला आता हिची सवय झालीय म्हणून, नायतर तुम्हाला हीच दिली असती... आणि त्या मशीनचा चहा घेऊ नका, बटण दाबलं की आधी गरम पाणी येतं, मग दूध येतं, आणि चहा यायचा तेवढा राहून जातो. समोर टपरी हाय, पण आत्ता जाऊ नका, नाव पुकारलं नि माणूस जाग्यावर नसला की नंबर गेला, मागच्या खेपेला माझं तेच झालं. तुमची पयली सर्विसिंग ना? व्हय, दिसतंय. पयल्या सर्विसिंगला माणूस असाच बसतो, हेल्मेट मांडीवर घेऊन, काचेतून गाडीकडं बघत. मी पण असाच बसायचो. आता माझं हेल्मेट कुठं हाय ते मलाच ठाव नाय, असंल नमिता मॅडमच्या टेबलाखाली, ती ठेवते उचलून.

तर मी काय सांगत होतो... आवाज! आवाज येतो. तुम्हाला सांगतो, येतोच. मला काय हौस हाय रोह्यावरनं नागोठणं, वडखळ करत पेणला यायची? त्या रस्त्यानं? अहो, नवी गाडी आपली, शोरूममधनं हार घालून बाहेर काढलेली, पेढे वाटलेले, आणि ती खडखडते. मोठा आवाज नाय. खड... मग गप... मग खडखड... मग गप. एकसारखा आला असता तर माणूस विसरला असता. हा आपण विसरलो की येतो. बाकी गाडी चांगली हाय, गाडीला नाव नाय ठेवायचं.

आता हे तिथल्या तिथं मिटावं म्हणून मी आधी रोह्यातच गेलो, तिकडं पण ह्याच कंपनीचं दुकान हाय. तिथला माणूस कागद बघून काय बोलतो, "काका, गाडी पेणची हाय, म्हणजे आवाज पण पेणचाच. तिकडंच न्या." आता माझंच चुकलं. मी डोलवीच्या कंपनीत होतो, क्रेनवर. शिफ्ट सुटली की पेण जवळ, म्हणून रिटायर व्हायच्या आधीच इथं बुक करून टाकली. मला काय ठाव, गाडीला पण माहेर असतं नि दुखलं खुपलं की माहेरालाच आणायला लागतं? नमिता मॅडम, म्हणजे ती काउंटरवर बसलीय ना, फोन खांद्यात धरून लिहितेय ती, ती आता मला बघितलं की विचारतच नाय काय झालं म्हणून. नुसती बोलते, "या काका, आवाज ना?"

तसं बारीकसारीक बरंच निघालं, पण ते सगळं त्यांनी वॉरंटीत करून दिलं, खोटं कशाला बोलू? पयल्यांदा पेट्रोलचा काटा. टाकी कायम फुल. मी बोललो, वा, काय अॅव्हरेज हाय! गावभर सांगितलं. कमळाकर, आमचा शेजारी, तो तर बुक करायला निघाला होता अशीच गाडी. आणि वडखळच्या अलीकडं भर उन्हात गाडी बंद, काटा फुल, टाकीत वास पण नाय पेट्रोलचा. ढकलत नेली. मग हॉर्न. हॉर्न दाबला की घसा बसल्यासारखा वाजायचा, म्हशी पण वळून बघायच्या, पण बाजूला व्हायच्या नाय. तो बदलला. मग तो डाव्या बाजूचा आरसा. तो काय अजून ऐकत नाय. सुशील मेकॅनिक आवळून देतो, आणि पयल्या खड्ड्याला आरसा मान टाकतो. आता आरशात काय दिसायला पायजे? मागनं येणारा ट्रक. मला काय दिसतं? मागची सीट. पेणपासनं रोह्यापर्यंत मी आपली ती सीट बघत जातो. नवी कोरी. तिच्यावरचं प्लास्टिक सुद्धा मी परवा परवा काढलं.

पण आरशाचं सोडा, आरसा काय बोलत नाय. आवाज बोलतो ना!

तर मी सुशीलला बोललो, "बाबा रे, तुला ऐकवल्याशिवाय कळायचं नाय, बस मागं." बसला. गेलो वडखळ नाक्यापर्यंत. खड्ड्यातनं नेली, स्पीड ब्रेकरवरनं उडवली, तिसऱ्यात नेली, चौथ्यात नेली... आवाज नाय! सुशील मागनं विचारतो, "कुठं हाय काका?" आता काय सांगू? "थांब," बोललो, "येईल, इथंच होता." नाक्यावर वडापाव खाल्ला, म्हटलं थंड झाली की येईल. नाय आला. परत शोरूमला आलो, कागदावर त्यांनी काय ते लिहिलं, दोष आढळला नाय, सही केली, निघालो. पेट्रोल पंप पण ओलांडला नसंल... खड.

मग पुढच्या खेपेला सुशील बोलतो, "काका, तुम्ही एसीत बसा, मी एकटा मारून येतो राउंड." मी बोललो, असं कसं? आवाज माझा, म्हणजे गाडीचा, तुला कसा ओळखू येणार? "तू चालव, मी मागं बसतो नि आला की दाखवतो." निघालो दोघं. आणि सुशील चांगला पोरगा हो, बोलका. हमरापूरकडचा. त्याच्या बहिणीचं जमत होतं, मग मोडत होतं, मग परत जमलं, ते सगळं मला ट्रायलमध्येच कळलं. भाऊ गणपतीच्या कारखान्यात रंगाला हाय, आई पाय दुखतो बोलते पण डॉक्टरकडं येत नाय... एवढं बोललो आम्ही, पण मधेमधे मी गप बसवायचो त्याला, "थांब, ऐक!" दोघं ऐकायचो. वारा. इंजिन. आवाज नाय. मला तर वाटायला लागलं ही गाडी माणूस बघून वागते. बाकी गाडी चांगली हाय.

घरी जाऊन कमळाकरला सांगितलं. तो बोलला, "गुणाजी, आयुष्यभर क्रेनवर बसलास, आवाज गाडीत नाय, तुझ्या कानात हाय." मी बोललो चल, बस मागं, तूच ऐक. तर तो बसला, आणि बसल्या बसल्या बोलतो, कोलाडच्या बाजूला घे, तिकडचा रस्ता खराब हाय, आवाज लगेच कळंल. मी घेतली. आवाज नाय. कोलाड आलं, हा उतरला. "बरं झालं, मला भाचीकडं यायचंच होतं," बोलतो, "संध्याकाळी तिचा नवरा सोडंल मला." आणि गेला! मी एकटा परत फिरलो आणि कोलाड सुटतंय न सुटतंय तर खड, खडखड... तिथनं थेट घराच्या दारापर्यंत. कमळाकर आता गावात सांगतो, गुणाजीचं वय झालं. कान दाखवून पण आलो मी डॉक्टरला. ती बाई बोलली, कान उत्तम हायत, एवढं बारीक ऐकू येणारे पेशंट कमीच येतात. मग? आता काय डॉक्टरणीचे पण कान तपासू?

तुम्ही बोलाल, एवढं काय त्या आवाजाचं? सोडून द्यायचं, रेडिओ लावायचा, गाणं बोलायचं. पण ते माझ्या हातात नाय ना! ते हौसाच्या हातात हाय. हौसा म्हणजे आमची मंडळी. ती कामोठ्याला असते, मुलाकडं. हितेश आमचा तिकडं असतो, सूनबाई दिपिका पण कामाला जाते, नि नातू झाला तेव्हा हौसा गेली, तीन महिने राहून येते बोलून. तेव्हा नातू कुशीवर वळत नव्हता. आता तो सोसायटीत सायकल चालवतो.

नाय, गेली त्याबद्दल माझं काय नाय. जायलाच पायजे. पोराला पाळणाघरात कुठं टाकणार? मी पण जाऊन राहिलो होतो तिकडं, पण मला तिथं जागाच सापडत नाय बसायला. सोफ्यावर बसलो की नातवाची कार्टूनं, गॅलरीत बसलो की कपडे, खाली बाकावर बसलो की वॉचमन विचारतो कितवा मजला? आणि इकडं भात कोण बघणार, वाल कोण पेरणार, घर उघडं ठेवणार कोण? मी आलो निघून. आणि रोज फोन करतो ना. व्हिडिओ कॉल. पण तो फोन नातवाच्या हातात असतो, त्यामुळं मला रोज त्यांचा पंखा दिसतो. हौसाचा नुसता आवाज येतो कुठनं तरी, "जेवलात का? भाजी काय केली? गाडी झाली का?" मी पंख्याला बोलतो, जेवलो.

तर गाडी मी का घेतली? आता ह्या वयात मला कुठं मिरवायचंय? तिच्यासाठीच घेतली. जुन्या गाडीवर ती बसायची, पण सीट अशी झिजली होती की ती बोलायची, मी तुमच्या मागं बसते की वरवंट्यावर? म्हणून सीट बघून घेतली ही. रंग तिनंच सांगितला. मी काळी घेत होतो, ती पंख्यातनं बोलली, "काळी नको गो बाई, निळी घ्या." घेतली निळी. साडी अडकू नये म्हणून जाळी लावून घेतली, एका बाजूनं बसायला पाय ठेवायची पट्टी लावून घेतली. पेढे घेतले, पेणचे पोह्याचे पापड घेतले आणि हारासकट गाडी घेऊन थेट कामोठ्याला गेलो. म्हटलं, गाडीवर बसवून घेऊनच येतो. महिनाभर तरी. सोसायटीत शिरलो, ते फरशीचे ठोकळे असतात ना खाली, त्यांच्यावर गाडी गेली, आणि... खडखडखडखड! हौसा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. वरनंच ओरडली, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं, "अहो, नवी घेतलीत की भंगारातनं आणलीत?"

वर गेलो. पाणी दिलं. मी बोललो, चल. तर ती बोलते, "ह्या असल्या खटाऱ्यावर मी नाय बसायची. आधी तो आवाज घालवा, मग या न्यायला."

झालं! आता कळलं तुम्हाला? आवाज गेला की हौसा येणार. तिनंच सांगितलंय. दिपिकासमोर सांगितलंय. म्हणून मी पेणला येतो. गाडी बिघडली म्हणून नाय येत, बाकी गाडी चांगली हाय!

आणि कंपनीची पण मजा सांगतो. तुमची सर्विसिंग झाली की उद्या परवा तुम्हाला पण फोन येईल, लक्षात ठेवा. आधी मशीन बोलतं, "आपण समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा." पयल्यांदा मी एक दाबला, आपला साधा माणूस म्हणून. "धन्यवाद" बोलून कट! पुढच्या खेपेला दोन दाबला. तर दुसऱ्या दिवशी जिवंत पोरगी! "गुणाजी सर, मी सुरभी बोलतेय, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत." सर! मला उभ्या जन्मात कोणी सर बोललं नाय, क्रेनवर तर खालनं शिट्टी मारायचे. मग ती विचारते, स्टाफ कसा बोलला, बसायला जागा होती का, पाणी दिलं का, गाडी धुऊन दिली का... एकेक प्रश्न. घरचं माणूस एवढं विचारत नाय. आता ती पोरगी एवढं विचारते तर आपण नुसतं व्हय नाय करायचं? मी सगळं सांगतो. रस्ता कसा होता तिथपासनं. एकदा तिला विचारलं, "तू जेवलीस का गो?" तर ती हसली आणि हळूच बोलली, "सर, कॉल रेकॉर्ड होतोय." म्हटलं होऊ दे. तेव्हापासनं मी दोनच दाबतो. नमिता मॅडम चिडते, "काका, दहापैकी दहा द्या ना, आमचे मार्क कापतात." मी बोललो, मार्क दहा देतो गो, बटण मात्र दोनच दाबणार.

आता गणपतीचं ऐका. सगळी गंमत तिथंच हाय.

आमचा गणपती जोह्याचा, इथं पेणच्या जवळचंच गाव. जनू म्हणून माझा मित्र हाय, त्याच्या कारखान्यातनं, लग्न झाल्यापासनं. आणि आणायचा तो गाडीवरच. मी पुढं, हौसा मागं, तिच्या मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, तोंडावर रुमाल. आणि ती मागनं मला रस्ता सांगणार, "हळू घ्या, खड्डा हाय. अहो, देव हाय मांडीवर, कंपनीचं लोखंड नाय!" रोह्यापर्यंत हेच. तिचा हात गणपतीला, त्यामुळं मला धरायला हात नाय, तर ती माझ्या पाठीला डोकं टेकवून तोल धरायची. हां. तर ह्या वर्षी विचारलं, येतेस? म्हटलं, तू पेणपर्यंत बसनं ये, तिथनं पुढं गाडीवर. तर दिपिकाला नेमकी सुट्टी नाय. "तुम्ही आणा, आम्ही सगळे चतुर्थीला सकाळी हितेशच्या कारनं येतो."

मी गेलो एकटा. जनू गाडीच्या मागं बघतो, इकडं बघतो, तिकडं बघतो. "धरायला कोण हाय?" मी बोललो, कोण नाय. "मग नेणार कसा?" मी बोललो, बांधून. जनूनं हातातला ब्रश खाली ठेवला. "अरे, देवाला दोरीनं बांधतोस? गॅसचा सिलेंडर हाय काय तो?" मग मला पण कसं तरी झालं. पण मी काय खुळा नाय, मी घरनं निघतानाच हौसाचं जुनं लुगडं घेतलं होतं, मऊ झालेलं. खोका केला, पेंढा भरला, आमचा सागाचा पाट खाली, शाडूचा बाप्पा वर, चांगला जड, आणि लुगड्यानं असा आवळून बांधला सीटला की हलायचं नाव नको. जनू बोलला, "आता हौसावहिनी आल्यासारखंच झालं." बोलला आपला सहज.

निघालो. हळूहळू. पेण गेलं, वडखळ गेलं, डोलवीचं धुराडं गेलं. रस्त्याला सगळीकडं गणपतीच गणपती, टेम्पोत, रिक्षात, गाड्यांवर. आणि प्रत्येक गाडीवर दोघं. मी एकटाच बडबडत होतो. "बाप्पा, खड्डा हाय हां... बाप्पा, ट्रक जाऊ दे..." आरसा पडलेला, त्यात लुगड्याचा काठ दिसत होता. आणि नागोठण्याच्या जरा आधी माझ्या लक्षात आलं. आवाज नाय! पेणपासनं एकदा पण नाय! मी गाडी बाजूला घेतली. थांबलो. परत चालू केली, मुद्दाम खड्ड्यातनं नेली, बाप्पाला बोललो माफ कर... नाय! आवाज नाय!

आणि मग माझ्या डोक्यात पेटलं. सुशील मागं बसला, आवाज नाय. मी सुशीलच्या मागं बसलो, आवाज नाय. कमळाकर बसला, आवाज नाय, उतरला, आवाज. अहो, एवढे दिवस मी त्या पोराला एकटं जाऊच दिलं नाय ना! एकटा गेला असता तर पयल्याच दिवशी कळलं असतं. मागची सीट रिकामी असली की ती खडखडते! मागं कोण बसलं की गप! आणि तिकडं हौसा काय बोलून बसलीय? आवाज गेल्याशिवाय मी बसायची नाय. आणि ती बसल्याशिवाय आवाज जायचा नाय! सांगा आता. नागोठण्याच्या रस्त्यावर मी एकटा उभा राहून हसत होतो, मागं गणपती. लोकांना वाटलं असंल, चढवलीय.

चतुर्थीला आले सगळे. दीड दिवसाचा आमचा. हौसानं येतायेताच घर झाडायला घेतलं, मी आदल्या दिवशी झाडलेलं. उकडीचे मोदक झाले, वालाचं बिरडं झालं, पापडाचा डबा उघडला तर गच्च भरलेला. "एवढे पापड कशाला आणलेत?" बोलते. आता पेणला आलो की घेतो मी तिच्यासाठी, दर खेपेला, ते साठत गेले. ते तिनं पिशवीत भरले, दिपिकाच्या ऑफिसच्या बायकांना आवडतात. घरात आवाजच आवाज, नातू तर पलंगावरनं उड्या मारत होता, आणि तुम्हाला सांगतो, मी ओटीवर बसून नुसता ऐकत होतो. बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला हितेश बोलला, बाबा, बाप्पाला कारमधनं नेऊया. मी बोललो, नाय. माझ्या गाडीवर आला, माझ्याच गाडीवर जाईल. तुम्ही मागनं या कारमधनं. हौसा, चल बस, धर बाप्पाला. ती बोलली, "आवाज गेला का?" मी बोललो, तू बस तर खरी.

बसली. एका बाजूनं, पट्टीवर पाय ठेवून, मांडीवर पाट. आणि कुंडलिकेपर्यंत... काय सांगू. गावात "मोरया" चाललेलं, ताशे चाललेले, पण गाडीतनं आवाज म्हणून नाय. तिचं डोकं माझ्या पाठीला. "हळू घ्या," बोलते, "खड्डा हाय." मी मुद्दाम सगळे खड्डे घेतले, लांबची वाट घेतली. पण नदी ती नदीच, किती लांब जाणार? आली.

आरती झाली, बाप्पा गेला. काठावर उभं राहून ओला पाट पुसता पुसता हौसा बोलते, "बघा, गेला ना आवाज? उगाच त्या शोरूमवाल्यांचं डोकं खाता." मी बोललो, अगो हौसा, तो गेला नाय. तू बसलीस म्हणून नाय आला. सीट रिकामी असली की येतो. तिला कळलं. एवढ्या वर्षांची बायको हाय, तिला काय कळायचं राहतंय? बोलली, "मी काय मुद्दाम राह्यलेय तिकडं?" मी बोललो, नाय गो. "पोराची शाळा हाय. दिपिका एकटी काय काय करणार?" मी बोललो, व्हय गो. तेवढ्यात हितेशनं हॉर्न मारला, त्याचा चांगला वाजतो. हायवेला गर्दी व्हायच्या आत निघायला पायजे होतं, म्हणून सामान घरनंच कारमध्ये भरून आणलं होतं. मला ते ठावच नव्हतं. मला वाटलं घरी परत येऊन चहा घेतील. हौसानं पाट माझ्या हातात दिला, माझ्या शर्टावरचा गुलाल झटकला, आणि बोलली, "दिवाळीनंतर बघू." कारमध्ये बसली. नातवानं काचेतनं टाटा केला.

मी पाट मांडीत धरला नि गाडी चालू केली. नदीवरनं चढ चढून वर आलो तर मागनं... खड.

दुसऱ्या दिवशी आलो इथं, सुशीलला सगळं सांगितलं. त्यानं सीट काढली, रबर बदलले, परत बसवली. मी बोललो, आता एकटा जाऊन ये. आला जाऊन. बोलला, "येतो काका. थोडा येतो. सीटची बनावटच तशी हाय, वजन नसलं की हलते. सगळ्यांच्याच गाडीला येत असंल, पण एवढं कोण ऐकत बसतंय?" खरं हाय त्याचं. मग कंपनीचा फोन आला, मी दोन दाबला, सुरभीचा फोन आला. "गुणाजी सर, प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला का?" मी बोललो, प्रॉब्लेम सापडला गो. मागची सीट रिकामी असते. तिकडं कीबोर्ड वाजला. मग बोलली, "सॉरी सर... हे वॉरंटीत बसत नाही."

म्हटलं, ठीक हाय. तू काय करणार? तू जेवलीस का?

...हां हां, आलो! ऐकलंत? माझं नाव पुकारलं. आज काय नाय, नुसतं ऑइल बदलायचं होतं, ते झालं असंल. हेल्मेट... टेबलाखाली हाय, दिसलं. बरं, मी काय म्हणतो, तुम्हा इथं बसलेल्यांपैकी कोण नागोठण्याच्या बाजूला जाणारं हाय काय? रोह्यापर्यंत आलात तर उत्तमच, पण नागोठणं पण चालंल. वडखळ तरी? सीट चांगली हाय, मऊ, फारशी कोणी बसलेली नाय...

हां, व्हय की. तुमची गाडी आत धुवायला लावलीय. तुमची पण. बरोबर. इथं आलेल्या प्रत्येकाला आपापली गाडी असणारच, माझ्याच लक्षात नाय आलं.

बसा मग. चहा टपरीवरच घ्या. आणि आवाजाचं मनावर घेऊ नका, तुमच्या गाडीला नाय यायचा.

बाकी गाडी चांगली हाय.